वीस महिने, चार तह आणि एक कैदी

जानेवारी १६५६ मध्ये ब्रँडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीड्रिश विल्हेल्म यानं क्योनिग्जबर्ग शहरात एका तहावर सही केली. प्रशियाची जहागीर त्याच्या घराण्याकडे पोलंडच्या राजाचा मांडलिक म्हणून आलेली होती. ती आपण यापुढे स्वीडनच्या राजाचा मांडलिक म्हणून सांभाळू, असं त्यानं या तहात कबूल केलं. जूनमध्ये मारीनबुर्गला दुसरा तह झाला. आता तो स्वीडनचा नुसता मांडलिक राहिला नाही, लढाईतला भागीदार झाला. जुलैच्या अखेरीस वॉर्सापाशी तीन दिवस जी लढाई झाली, तिच्यात तो स्वतःच्या जुन्या धन्याविरुद्ध स्वीडिश सैन्याच्या बरोबरीनं उभा होता. नोव्हेंबरमध्ये लाबियाऊला तिसरा तह झाला. स्वीडन तोवर अडचणीत आलं होतं, म्हणून या वेळी इलेक्टरनं मांडलिकत्वच काढून टाकायला लावलं. मग सप्टेंबर १६५७ मध्ये वेलाऊला चौथा तह. त्यात स्वीडनला सोडचिठ्ठी आणि पोलंडशी पुन्हा दोस्ती. बदल्यात पोलंडच्या राजानंही मान्य केलं की प्रशियावर यापुढे आपला काही हक्क नाही.

वीस महिन्यांत चार तह. सुरुवातीला एकाचा मांडलिक, मग दुसऱ्याचा, आणि शेवटी कोणाचाच नाही. जर्मन इतिहासात या माणसाला ‘महान इलेक्टर’ म्हणतात, आणि त्याच्या महानतेच्या हिशेबात या वीस महिन्यांचा वाटा मोठा आहे. (इलेक्टर म्हणजे पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा मताधिकार असलेले मोजके सत्ताधीश. हा मताधिकार पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.)

आपल्याकडे परराष्ट्र धोरणावर चर्चा निघाली, रशियाचं तेल असो वा अमेरिकेशी व्यापार, की कोणीतरी एक वाक्य हमखास टाकतो: कायमचे मित्र नसतात, कायमचे शत्रू नसतात, कायमचं असतं ते हित. पामर्स्टननं ब्रिटिश संसदेत १८४८ मध्ये अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं होतं. ते घासून घासून आता गुळगुळीत झालं आहे. हे वाक्य आलं की समोरचा गप्प बसतो. भावनेच्या भरात बोलणारा बावळट आणि हे वाक्य बोलणारा मुरलेला, असा आपोआप निवाडा होऊन जातो.

वाक्य खोटं नाही. पण त्यात एक शब्द गाळलेला आहे. हित, पण कोणाचं? हा प्रश्न सतराव्या शतकातल्या उत्तर युरोपात जितका नागडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. तिथे १६५५ ते १६६० या पाच-सहा वर्षांत जवळजवळ प्रत्येकानं प्रत्येकाची बाजू एकदा तरी घेतली आणि एकदा तरी सोडली.

आधी इलेक्टरच्या बाजूनं जे बोलता येतं ते बोलायला हवं, नाहीतर हा लेख नुसता नीतिपाठ होईल. त्याचा मुलूख सलग नव्हता. ऱ्हाइन नदीकाठचं क्लेव्ह, मध्ये बर्लिनभोवतीचा वालुकामय ब्रँडेनबुर्ग, आणि पार पूर्वेला प्रशिया. मधल्या मोकळ्या जागा दुसऱ्यांच्या. कोणीही कोणाशी लढलं तरी सैन्य यांच्याच शेतातून जाणार. त्याचा बाप गेओर्ग विल्हेल्म यानं तीस वर्षांच्या युद्धात तटस्थ राहण्याचा प्रयत्न केला होता. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ हा त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. १६३० मध्ये तो सैन्य घेऊन जर्मनीत उतरला, तेव्हा मेहुण्याच्या वकिलाला त्यानं स्पष्ट सुनावलं की तटस्थता वगैरे मला ऐकायची नाही, एक तर मित्र व्हा नाहीतर शत्रू. नात्यागोत्याचा काही उपयोग झाला नाही. ब्रँडेनबुर्ग दोन्ही बाजूंनी लुटलं गेलं, काही भागांत निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा परागंदा झाली. ज्या पोरानं हे पाहिलं तो वीस वर्षांचा असताना १६४० मध्ये गादीवर आला. त्यानं पुढे १६६७ मध्ये वारसासाठी लिहून ठेवलेल्या राजकीय मृत्युपत्रात म्हटलं की युती चांगलीच, पण स्वतःचं बळ त्याहून चांगलं. बापाची फजिती पाहिलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. त्याला संधिसाधू म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण तो बाजू बदलत होता कारण एका बाजूला थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. इथवर मी त्याच्याशी सहमत आहे.

आता युद्ध कसं पेटलं ते पाहू. १६५४ मध्ये स्वीडनच्या राणी क्रिस्टिनानं राजत्याग केला आणि तिचा आतेभाऊ कार्ल दहावा गुस्ताव गादीवर आला. स्वीडनची लोकसंख्या फिनलंड धरून जेमतेम दहा-पंधरा लाख, आणि साम्राज्य मात्र बाल्टिक समुद्राच्या तीन बाजूंना. इतकं मोठं सैन्य देशात ठेवलं तर पगार द्यावा लागतो, परदेशात नेलं तर ते तिथल्या मुलखावर जगतं. राजवाड्याची तिजोरी रिकामी होती, कारण राणीनं जमिनी सरदारांना वाटून टाकल्या होत्या. त्यामुळे प्रश्न ‘लढायचं का’ हा नव्हताच, ‘कोणाशी’ एवढाच होता. पोलंड तेव्हा कोलमडत होतं. १६४८ पासून युक्रेनमध्ये बोहदान ख्मेलनित्स्कीच्या कोसॅकांचं बंड, आणि १६५४ पासून रशियाची स्वारी. शिवाय पोलंडचा राजा यान काझिमेझ हा स्वतः वासा घराण्यातला, स्वीडनच्या गादीवर हक्क सांगणारा. कारण हवंच होतं, ते घरातच सापडलं. डांझिगसारख्या बंदरांच्या जकातीवर नजर होतीच.

जुलै १६५५ मध्ये स्वीडिश सैन्य पोलंडमध्ये घुसलं आणि उइश्चेपाशी पश्चिम पोलंडच्या सरदारांनी फारशी लढाई न देताच शरणागती लिहून दिली. ऑक्टोबरमध्ये लिथुएनियाच्या यानुश राजिवीलनं स्वीडनशी वेगळा तह केला. राजा सिलेशियात पळाला. पोलिश लोक या काळाला ‘पोटोप’ म्हणतात, म्हणजे महापूर.

दख्खनच्या इतिहासाची सवय असलेल्या वाचकाला हे सरदार ओळखीचे वाटतील. धनी कोण हा दुय्यम मुद्दा. वतन राहतंय ना, देशमुखीला धक्का नाही ना, एवढं पक्कं झालं की कुर्निसात कोणापुढे करायचा ते पुढचं पुढे. उइश्चेच्या करारातही सरदारांनी आपले हक्क शाबूत राहतील असं लिहून घेतलं होतं. पुढे स्वीडिश सैन्यानं खंडण्या वसूल केल्या, चर्च लुटली, तेव्हा त्यांना कळलं की कागदाला तेवढी किंमत नव्हती. मग हेच सरदार उलटले.

आणि इथे इतिहासाचा एक मजेदार दुटप्पीपणा दिसतो. राजिवील डिसेंबर १६५५ मध्ये वेढ्यात अडकलेला असताना मेला आणि पोलंडच्या स्मृतीत कायमचा फितूर ठरला. त्याच शरद ऋतूत स्वीडनच्या राजाशी निष्ठा वाहिलेला आणखी एक तरुण अधिकारी होता. तो पुढच्या वर्षी मार्चमध्ये परत आपल्या राजाकडे आला. नाव यान सोबिएस्की. तो १६७४ मध्ये पोलंडचा राजा झाला आणि १६८३ मध्ये व्हिएन्ना वाचवणारा वीर म्हणून साऱ्या युरोपानं त्याला डोक्यावर घेतलं. दोघांनी केलं तेच. एकाला परत फिरायला वेळ मिळाला, दुसऱ्याला नाही मिळाला.

याहून खमंग उदाहरण डेन्मार्कचं आहे, पण त्याआधी बर्फाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

स्वीडन पोलंडमध्ये फसलंय, रशियानंही १६५६ मध्ये त्याच्यावर युद्ध पुकारलंय, हे पाहून डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक तिसरा यानं जून १६५७ मध्ये स्वीडनविरुद्ध युद्ध जाहीर केलं. हिशेब कागदावर बिनचूक होता. शत्रू दुसरीकडे गुंतला आहे, १६४५ मध्ये गमावलेला मुलूख परत घ्यायची हीच वेळ. ‘हित’वाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असा निर्णय. झालं असं, की कार्ल गुस्ताव पोलंडमधून कसं सुटावं याच विचारात होता, त्याला निमित्त मिळालं. तो सैन्य घेऊन सरळ जटलंडमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य भूमीवर, आला. डेन्मार्कची राजधानी बेटावर, मध्ये समुद्र, आरमार डेन्मार्कचं चांगलं. पण १६५८ चा हिवाळा इतका कडक होता की समुद्रच गोठला. कार्ल गुस्ताव घोडेस्वार आणि तोफा घेऊन बर्फावरून चालत आधी छोटी आणि मग मोठी सामुद्रधुनी ओलांडून आला. छोट्या सामुद्रधुनीत बर्फ फुटून स्वारांच्या तुकड्या बुडाल्या, तरी तो थांबला नाही. काही आठवड्यांत रोस्किल्डला तह झाला. डेन्मार्कनं स्कोने, ब्लेकिंगे, हॅलंड, बोर्नहोम बेट, आणि नॉर्वेतले बोहुसलेन व ट्रॉन्डहाइम गमावले. डेन्मार्कच्या वकिलानं सही करताना लॅटिनमध्ये म्हटलं, मला लिहिता येत नसतं तर बरं झालं असतं, असं सांगतात.

टेबलाच्या पलीकडे स्वीडनच्या वतीनं बोलायला कोण होतं? कॉर्फिट्झ उल्फेल्ट. हा डेन्मार्कचाच एकेकाळचा सर्वोच्च मंत्री, आणि राजा फ्रेडरिकच्या सावत्र बहिणीचा, लिओनोरा क्रिस्टिनाचा नवरा. राजाशी बिनसलं, पैशांच्या अफरातफरीच्या चौकशीची टांगती तलवार आली, तेव्हा हा १६५१ मध्ये पळाला आणि पुढे स्वीडनच्या छावणीत जाऊन बसला. स्वीडननं त्याला जमिनी दिल्या. त्याचं समाधान झालं नाही; १६५९ मध्ये स्वीडननंही त्याच्यावर फितुरीचा खटला भरला. मग तो डेन्मार्कला परतला, तिथे कैदेत पडला, सुटला, आणि १६६३ मध्ये त्यानं डेन्मार्कची गादी देऊ करत तिसऱ्याच एका सत्ताधीशाशी संधान बांधलं. हा तिसरा म्हणजे आपला ब्रँडेनबुर्गचा फ्रीड्रिश विल्हेल्म. आणि फ्रीड्रिश विल्हेल्मनं काय केलं? कोपनहेगनला कळवून टाकलं. वीस महिन्यांत चार तह करणाऱ्या माणसानं एका फितुराला उघडं पाडलं! उल्फेल्ट हाती लागला नाही, म्हणून त्याच्या पुतळ्याला मृत्युदंड दिला. त्याची बायको मात्र कोपनहेगनच्या निळ्या मनोऱ्यात १६८५ पर्यंत, जवळजवळ बावीस वर्षं, कोंडलेली राहिली.

उल्फेल्टबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. तो लोभी होता. पण त्याच्यात आणि इलेक्टरमध्ये नेमका फरक काय, हे सांगताना अडखळायला होतं. राजानं बाजू बदलली तर धोरण, सरदारानं बदलली तर फितुरी. फरक नीतीचा नाही. मागे सैन्य आहे की नाही याचा आहे. बाजू बदलणाऱ्याला भाव मिळतो तो त्याच्या बदलण्याचा नसतो, तो ज्या तलवारी घेऊन येतो त्यांचा असतो. १६५७ मध्ये पोलंड इलेक्टरला इतकं उदार का झालं? ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी लिसोला मध्यस्थी करत होता, कारण हाप्सबुर्ग घराण्यातल्या लिओपोल्डला सम्राट व्हायचं होतं आणि त्यासाठी इलेक्टरचं मत हवं होतं. आणि पोलंडला इलेक्टरचं सैन्य स्वीडनच्या बाजूनं हटायला हवं होतं. एक मत आणि काही हजार शिपाई. उल्फेल्टकडे फक्त जीभ होती.

हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. त्या शिपायांचा पगार कोण देत होतं?

पण आधी मित्रांचं काय झालं ते. कारण ‘हित’वाल्या वाक्याची दुसरी धार तिथे दिसते. ऑगस्ट १६५८ मध्ये, रोस्किल्डच्या तहाची शाई वाळते न वाळते तोच, कार्ल गुस्तावनं युद्ध जाहीर न करताच डेन्मार्कवर पुन्हा चाल केली आणि कोपनहेगनला वेढा घातला. आता त्याला अख्खा डेन्मार्कच हवा होता. तेव्हा धावून आले डच. ओब्दामच्या हाताखालचं डच आरमार नोव्हेंबरमध्ये एरेसुंडच्या सामुद्रधुनीत स्वीडिश आरमाराला भिडलं आणि शहराला रसद पोचवली. त्या लढाईत डचांचा आरमारी सेनानी विटे डे विट कामी आला. डच आले ते डेन्मार्कवरच्या प्रेमापोटी नाही, हे सांगायला नको. एरेसुंड हा बाल्टिकचा दरवाजा. हेल्सिंगोरला प्रत्येक जहाजाकडून डेन्मार्क जकात घ्यायचा, पंधराव्या शतकापासून घेत होता, आणि १८५७ पर्यंत घेत राहिला. या दारातून जाणाऱ्या जहाजांत डचांची संख्या सगळ्यांत मोठी. डांझिगचं राय हे धान्य, नॉर्वेचं लाकूड, स्वीडन-फिनलंडचं डांबर, दोरखंडांसाठीचा ताग. डच या व्यापाराला सगळ्या व्यापारांची आई म्हणत. ते अतिशयोक्त नव्हतं, कारण दूरदेशी जाणारी त्यांची जहाजंच या मालातून उभी राहत. कोकणात वेंगुर्ल्याला डचांची वखार तेव्हा चालू होतीच. तिच्यापुढे नांगर टाकणाऱ्या गलबतांच्या डोलकाठ्या आणि फळ्यांमधलं डांबर बहुधा याच दारातून आलेलं.

म्हणजे डचांना हवं होतं ते एवढंच, की दाराच्या दोन्ही चौकटी एकाच्या हातात जाऊ नयेत. १६५८ मध्ये स्वीडन दोन्ही घ्यायला निघालं, म्हणून डच डेन्मार्कचे मित्र. पण डेन्मार्कला सामुद्रधुनीच्या पलीकडच्या काठावरचं स्कोने परत मिळालं असतं तर दोन्ही चौकटी पुन्हा डेन्मार्कच्या झाल्या असत्या! म्हणून १६५९ मध्ये हेगला डच, इंग्लंड आणि फ्रान्स यांनी आपापसात ठरवलं आणि १६६० च्या कोपनहेगनच्या तहात डेन्मार्कला ट्रॉन्डहाइम व बोर्नहोम परत मिळाले, स्कोने मात्र स्वीडनकडेच राहिलं. आजही ते स्वीडनमध्ये आहे. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यानंच रोग्याला अर्धाच बरा करून ठेवलं, कारण पूर्ण बरा झालेला रोगी दारात जकात जास्त मागतो.

जमिनीवरून आलेले मित्र याहून महाग पडले. इलेक्टर, ऑस्ट्रिया आणि पोलंड यांचं एकत्र सैन्य १६५८ मध्ये डेन्मार्कला वाचवायला जटलंडमध्ये आलं. खायला काय? जटलंडच. शत्रू स्वीडन, पण त्या भागात लोकांच्या आठवणीत सर्वांत वाईट उरली ती दोस्तांची लूट आणि त्यामागून आलेली रोगराई. डॅनिश भाषेत या युद्धाला पोलिशांचं युद्ध असंही नाव पडलं आहे, आणि पोलिश तिथे मित्र म्हणून आले होते.

आणि स्कोनेचे लोक? ते पिढ्यान्‌पिढ्या डॅनिश होते, एका सहीनं स्वीडिश झाले. १६७५ मध्ये डेन्मार्कनं तो मुलूख परत मिळवायचा प्रयत्न केला. डेन्मार्कच्या बाजूनं जंगलात लढणाऱ्यांना स्वीडिश ‘स्नॅपहाने’ म्हणत आणि पकडले की हालहाल करून मारत. एप्रिल १६७८ मध्ये राजा कार्ल अकरावा यानं एर्केनेड या परिसराविषयी हुकूम काढला की सगळी घरं जाळा आणि हत्यार धरू शकेल असा प्रत्येक पुरुष ठार करा. बोर्नहोमच्या लोकांचं नशीब बरं म्हणायचं, किंवा नशीब नव्हे, हिंमत. त्यांनी डिसेंबर १६५८ मध्ये स्वतःच उठाव केला, स्वीडिश कमांडरला ठार मारलं आणि बेट डेन्मार्कच्या राजाला नेऊन दिलं. या साऱ्या युद्धात आपली बाजू कोणती हे सामान्य माणसांनी स्वतः ठरवल्याची जी थोडी उदाहरणं आहेत, त्यातलं हे एक.

आता पगाराचा प्रश्न.

ब्रँडेनबुर्गमध्ये कर बसवायचा तर सरदारांच्या सभेची संमती लागे. १६५३ मध्ये इलेक्टरनं त्यांच्याशी सौदा केला. त्यांनी सहा वर्षांत ५ लाख ३० हजार थेलर (चांदीची नाणी) द्यायचे, आणि बदल्यात आपल्या जमिनीवरच्या कुळांवर त्यांचा अधिकार पक्का. एखादा शेतकरी म्हणाला की मी वेठबिगार नाही, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. महान इलेक्टरच्या खड्या सैन्याचा पाया इथे आहे. तो गादीवर आला तेव्हा हाताशी मूठभर फौज होती. १६८८ मध्ये मेला तेव्हा सुमारे तीस हजार. बाहेर जी लवचीकता दिसते, तिची किंमत आत माणसांना जमिनीला जखडून वसूल झालेली होती.

पोलंडमध्येही तोच पदर दिसतो, उलट्या बाजूनं. १ एप्रिल १६५६ ला यान काझिमेझनं ल्वूफच्या चर्चमध्ये शपथ घेतली. महापुरात खेडूतांनीच स्वीडिशांना सळो की पळो करून सोडलं होतं, तेव्हा देश वाचला तर शेतकऱ्यांवरचा जुलूम दूर करीन असं त्यानं देवापुढे कबूल केलं. देश वाचला. १६६० मध्ये ओलिवाला तह झाला, त्यात राजानं स्वीडनच्या गादीवरचा हक्कही सोडला. शेतकऱ्यांचं काहीही झालं नाही. युद्धांच्या या मालिकेत पोलंड-लिथुएनियाची चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक लोकसंख्या गेली असे अंदाज आहेत. वॉर्साच्या राजवाड्यांतून लुटून नावेत भरलेले संगमरवरी नक्षीचे दगड वाटेत विस्तुला नदीत बुडाले होते. २०१२ च्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा ते पात्रात उघडे पडले.

डेन्मार्कची गंमत अशी की तिथे हरलेला राजा घरात जिंकला. वेढ्यात कोपनहेगन लढवलं ते शहरातल्या नागरिकांनी, आणि सरदार कर भरायला तयार नाहीत म्हणून तेच नागरिक चिडलेले. १६६० च्या शरद ऋतूत भरलेल्या सभेत व्यापारी आणि पाद्री यांनी मिळून सरदारांना कोपऱ्यात ढकललं आणि गादी वंशपरंपरागत करून टाकली. त्यातून अनिर्बंध राजसत्ता आली, आणि १६६५ च्या राजकायद्यात ती लिहूनही ठेवली गेली. सामान्य माणूस नेहमी नुसता बळी असतो असं मला म्हणायचं नाही, ते याचसाठी. इथे त्यानं डोळे उघडे ठेवून निवड केली, सरदारांचा माज उतरवायला राजाला हातात कोरा कागद दिला. तो कागद परत मिळवायला १८४९ उजाडलं.

काही जण म्हणतील की सतराव्या शतकाला आजचे प्रश्न विचारणं अन्याय आहे. तेव्हा ‘जनहित’ ही कल्पनाच नव्हती, राजाचं हित तेच राज्याचं. हा आक्षेप मी मान्य केला असता, जर तेव्हा कोणीच हा प्रश्न विचारला नसता. पण विचारला होता, आणि नेमका प्रशियातच.

वेलाऊच्या तहानं पोलंडच्या राजानं प्रशियावरचा हक्क सोडला. क्योनिग्जबर्गचे नागरिक आणि प्रशियाचे सरदार म्हणाले, आम्हाला कोणी विचारलं? आम्ही पोलंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली आहे, त्यानं आमचे हक्क राखण्याचं वचन दिलं आहे. इलेक्टरनं जुलूम केला तर वॉर्साला दाद मागता येते, ही आमची ढाल आहे. दोघांनी मिळून ती आमच्या संमतीशिवाय कशी काढून घेतली? हे लोक लोकशाहीवादी नव्हते. त्यांना आपले व्यापाराचे हक्क आणि करसवलती प्यारी होती, शेतकऱ्यांचं नाव त्यांच्याही तोंडी नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. १६६१ पासून दोन वर्षं त्यांची सभा अडून बसली. त्यांचा पुढारी हिएरोनिमुस रोथ, शहरातल्या क्नाइपहोफ भागाच्या न्यायमंडळाचा प्रमुख, पोलंडच्या दरबारापर्यंत जाऊन आला. पोलंडला स्वतःचीच वस्त्रं सावरता येत नव्हती, तो काय मदत करणार.

ऑक्टोबर १६६२ मध्ये इलेक्टर सुमारे दोन हजार शिपाई घेऊन क्योनिग्जबर्गला आला. पोलंड, स्वीडन, ऑस्ट्रिया, सगळ्यांशी सौदे करून जी फौज त्यानं उभी केली आणि टिकवली, तिचा हा उपयोग. रोथला पकडलं. पुढच्या वर्षी शहरानं निष्ठेची शपथ घेतली. क्रिस्टियान लुडविग फॉन काल्कश्टाइन नावाचा एक सरदार वॉर्साला पळून गेला आणि तिथून इलेक्टरविरुद्ध बोलत राहिला. १६७० मध्ये इलेक्टरच्या माणसांनी त्याला पोलंडच्या राजधानीतून पळवलं, गालिच्यात गुंडाळून नेलं असं सांगतात, आणि १६७२ मध्ये मेमेलला त्याचं डोकं उडवलं. दुसऱ्या देशाच्या राजधानीतून विरोधकाला उचलून आणण्याची ही पद्धत आज वाचताना फार जुनी वाटत नाही.

बाल्टिकच्याच किनाऱ्यावरच्या दोन देशांनी अलीकडे बाजू बदलली. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेलं आणि दोनशे वर्षं लष्करी गटांपासून दूर राहिलेलं स्वीडन मार्च २०२४ मध्ये. तो निर्णय शहाणपणाचा की नाही यावर वाद होऊ शकतो; सार्वमत का घेतलं नाही असं विचारणारे तिथेही होते. पण फिनलंडच्या संसदेत त्यावर मतदान झालं, १८८ विरुद्ध ८. ते आठ जण कोण, ते नोंदवलेलं आहे, आणि त्यातल्या कोणालाही किल्ल्यात टाकलं नाही. उद्या आपल्याकडे कोणी ‘देशाचं हित’ म्हणून एखादी दोस्ती किंवा दुरावा समोर ठेवला, तर मला आधी पाहायचं असतं ते हे की आठ जणांना बसायला तिथे जागा आहे का.

रोथ पाइट्झच्या किल्ल्यात होता. माफीचा अर्ज केलास तर सोडू, असा निरोप त्याला जाई. त्यानं अर्ज केला नाही. सोळा वर्षांनी, १६७८ मध्ये, तो तिथेच मेला. त्या वर्षी इलेक्टर आपल्या वैभवाच्या शिखरावर होता: आदल्या डिसेंबरात त्यानं स्वीडनकडून स्टेटिन जिंकलं होतं, ज्या बंदरावर त्याचा तरुणपणापासून डोळा होता. १६७९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं डोळे वटारले. डचांसह सगळे दोस्त तोवर आपापला वेगळा तह करून निघून गेले होते. इलेक्टरला स्टेटिन स्वीडनला परत द्यावं लागलं. तो मित्रांवर फार संतापला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं फ्रान्सशी करार करून लुईची वार्षिक रक्कम घ्यायला सुरुवात केली.